डिपॉझिटचं काय? ब्रिटनमधल्या घरमालक मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रति,
लंडन, हॅरो, हाउन्स्लो, स्लाउ, रेडिंग, मिल्टन कीन्स आणि इतरत्र स्वतःच्या घरात राहणारे मराठी काका-काकू, दादा-वहिनी,

सप्रेम नमस्कार.

आरती झाल्यावर किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात घरांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "आम्ही 15 टक्के व्याज भरलंय. आजच्या मुलांनी बाहेरचं खाणं-फिरणं कमी केलं तर त्यांनाही जमेल." आम्ही मॉर्गेज, भाडेकरार आणि प्लॅनिंगच्या (बांधकाम परवानगीच्या) अर्जांची कामं करणारी माणसं आहोत. या वाक्याचा पहिला भाग आम्हाला मान्य आहे. दुसरा अजिबात नाही.

ऑक्टोबर 1989 ते ऑक्टोबर 1990 या काळात बँक ऑफ इंग्लंडचा दर 15 टक्क्यांच्या आसपास होता. पगाराच्या अडीचपट कर्ज 15 टक्क्यांनी 25 वर्षांसाठी घेतलं, तर वर्षाचे हप्ते करापूर्वीच्या पगाराच्या जवळजवळ 39 टक्के होतात. आज साडेचारपट कर्ज 5 टक्क्यांनी 30 वर्षांसाठी घेतलं, तर 29 टक्के. म्हणजे हप्त्याचा भार तेव्हाच जास्त होता, आणि तुम्ही तो सोसला. पण तो फार वर्षं तसा राहिला नाही. महागाईबरोबर पगार वाढत गेले, 1992 नंतर दर उतरले, आणि पहिल्या 30,000 पौंडांच्या कर्जाच्या व्याजावर करसवलतही होती. ती एप्रिल 2000 मध्ये बंद झाली.

आजची अडचण हप्त्याच्या आधी सुरू होते. 1997 मध्ये इंग्लंडात सरासरी घर वर्षाच्या पगाराच्या साडेतीनपट होतं आणि लंडनमध्ये सुमारे चौपट. 2024 मध्ये हेच आकडे 7.7 पट आणि 11.1 पट झाले. बँक साधारण साडेचारपट कर्ज देते. त्याहून मोठी कर्जं नव्या मॉर्गेजांच्या एकूण 15 टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत, अशी मर्यादा बँक ऑफ इंग्लंडने 2014 मध्ये घातली आहे. ती 2025 मध्ये थोडी सैल झाली, उठलेली नाही. आता लंडनचा हिशेब करा : घर 11.1 पगारांचं, कर्ज साडेचार पगारांचं. एकट्या माणसाने उरलेले साडेसहा वर्षांचे पगार डिपॉझिट म्हणून रोख आणायचे. जोडपं असेल तर दोघांचं कर्ज मिळून 9 पगारांचं, तरी दोन पगारांची रोकड हवीच. वर त्या दोघांपैकी एकानेही नोकरी गमवायची नाही आणि मूल झालं म्हणून घरी बसायचं नाही. कॉफी सोडून असे किती पैसे साठतील, हे तुम्हीच सांगा.

बरं, ते साठवायचे कुठून? इथे शिकलेल्या तुमच्याच मुलीचं उदाहरण घेऊ. ती 2012 ते 2022 या काळात इंग्लंडातल्या विद्यापीठात दाखल झाली असेल तर तिचं विद्यार्थी-कर्ज 'प्लॅन 2' या प्रकारातलं. पगार 45,000 पौंड. प्राप्तिकर 6,486, नॅशनल इन्शुरन्स (कमाईवरची सामाजिक सुरक्षेची वर्गणी) 2,594, आणि एप्रिल 2026 पासूनच्या 29,385 च्या मर्यादेवरच्या रकमेच्या 9 टक्के म्हणजे विद्यार्थी-कर्जाचे 1,405. एकूण जवळजवळ 10,486. पेन्शन आणि भाडं मिळून तेवढंच उत्पन्न असलेले निवृत्त काका मात्र फक्त प्राप्तिकराचे 6,486 भरतात, कारण पेन्शनवर आणि भाड्यावर नॅशनल इन्शुरन्स लागत नाही आणि विद्यार्थी-कर्जाचा तर प्रश्नच नाही. भाड्याच्या उत्पन्नावरच्या कराचा मूळ दर एप्रिल 2027 पासून 20 वरून 22 टक्के होणार आहे, तरी दरी राहतेच. फरक वर्षाला 4,000 पौंड. पहिल्या घरासाठीच्या लाइफटाइम आयसात (सरकारी भर मिळणाऱ्या करमुक्त बचत खात्यात) वर्षाला भरायची कमाल रक्कमही नेमकी 4,000 पौंडच आहे.

या आयसाबद्दल दोन शब्द, कारण तुम्हीच मुलांना तो उघडायला सांगता. वय 18 ते 39 मध्ये उघडता येतो, सरकार 25 टक्के भर घालतं, खातं किमान 12 महिने जुनं असावं लागतं. घराची किंमत 4,50,000 पौंडांच्या वर गेली की पैसे वापरता येत नाहीत. ही मर्यादा 2017 पासून तिथेच आहे. मग पैसे काढायचे तर 25 टक्के दंड. 4,000 भरले, 1,000 भर मिळाली, 5,000 वर दंड 1,250, हातात 3,750. सरकारने दिलेलं गेलंच, पदरचेही 250 गेले. हॅरोत दोन खोल्यांचं घर बघणाऱ्यांना हा फटका बसू शकतो, म्हणून पैसे भरण्याआधीच कुठल्या भागात घर घ्यायचं ते ठरवायला सांगा.

आता तुमच्या हातात काय आहे, त्याकडे वळतो. पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे.

मुलांच्या नावावर पुण्यात, ठाण्यात, नाशकात फ्लॅट घेऊन ठेवू नका. प्रेमापोटी केलेली ही गोष्ट इथे फार महागात पडते. इंग्लंडात 'फर्स्ट-टाइम बायर' म्हणजे जगात कुठेही, कधीही राहतं घर नावावर नसलेली व्यक्ती. वारसाने आलेला वाड्यातला हिस्सासुद्धा मोजला जातो. शेतजमीन चालते, घर चालत नाही. 4 लाख पौंडांच्या फ्लॅटवर स्टॅम्प ड्यूटीचे, म्हणजे घरखरेदीच्या कराचे, एप्रिल 2025 पासूनचे दर लावून पाहा. पहिलं घर असेल तर पहिले 3 लाख माफ, वरच्या 1 लाखावर 5 टक्के : 5,000 पौंड. पूर्वी कधी घर नावावर होतं पण आता नाही : 10,000. आजही पुण्यातला फ्लॅट नावावर आहे आणि आपल्या हिश्शाची किंमत 40,000 पौंड, म्हणजे साधारण 45-50 लाख रुपये, किंवा जास्त आहे : संपूर्ण रकमेवर आणखी 5 टक्के, एकूण 30,000. पुण्याचा फ्लॅट घाईघाईने आईच्या नावावर केला तर 30,000 चे 10,000 होतील. 5,000 कधीच होणार नाहीत. आणि लग्न झालेलं असेल तर जोडीदाराचा फ्लॅटही मोजतात, खरेदीत त्याचं नाव नसलं तरी. (हे दर इंग्लंडचे, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कर वेगळा आहे.)

हा नियम किती निसरडा आहे ते सप्टेंबर 2025 मध्ये साऱ्या देशाने पाहिलं. गृहनिर्माण खातं सांभाळणाऱ्या उपपंतप्रधान अँजेला रेनर यांनी होव्हमधल्या 8 लाखांच्या फ्लॅटवर 70,000 ऐवजी 30,000 पौंड भरले होते. दुसऱ्या घराचा अधिभार त्यांना लागू होता. त्यांना राजीनामा द्यावा लागला. खात्याच्या मंत्रीणबाईंची ही गत, तर आपल्या वकिलाला आधीच सगळं सांगितलेलं बरं. वकील विचारतो "दुसरं घर आहे का?" आणि आपली मंडळी "इथे नाही" असं मनात म्हणून "नाही" लिहून मोकळी होतात.

हीच चूक दुसऱ्या दाराने होते ती मदत म्हणून आई-वडिलांचं नाव खरेदीखतात घातल्यावर. तुमचं घर आधीच आहे, त्यामुळे मुलाची सवलत जाते आणि वरचा अधिभारही लागतो. तेच 30,000. त्याऐवजी काही बँकांकडे असं मॉर्गेज मिळतं की कर्जात तुमचं नाव असतं, मालकीत फक्त मुलाचं. इंग्रजीत त्याला 'जॉइंट बॉरोअर, सोल प्रोप्रायटर' म्हणतात. ब्रोकरला याच नावाने विचारा. यात अडतं ते तुमच्या वयावर : कर्जाची मुदत मोठ्या कर्जदाराच्या वयाने ठरते. बाप 62 चा असेल तर 30 वर्षांचं कर्ज विसरा. मुदत आखडली की हप्ता फुगतो. त्यामुळे हा मार्ग पन्नाशीत असतानाच धरावा.

रोख मदत देणार असाल तर ती खरोखरची भेट हवी. बँक लेखी मागते : हे पैसे परत करायचे नाहीत आणि घरात देणाऱ्याचा हिस्सा नाही. घरात "हळूहळू फेड" असं ठरवून कागदावर 'भेट' लिहिणं ही बँकेची फसवणूक आहे. भारतातून आजी-आजोबा पैसे पाठवत असतील तर तिथल्या रहिवाशाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात; 10 लाख रुपयांवरच्या अशा भेटीच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर) कापला जातो, तो विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तोवर ते पैसे अडकलेले. सर्वांत जास्त व्यवहार अडकतात ते पैसे तुकड्यातुकड्याने मामा, आत्या, चुलतभाऊ यांच्या खात्यांतून फिरवल्यामुळे. इथल्या वकिलाला मनी लाँडरिंगच्या नियमांनुसार प्रत्येक पैशाचा उगम दाखवावा लागतो. प्रत्येक नातेवाइकाचं ओळखपत्र, बँकेची स्टेटमेंट्स, जमीन विकली असेल तर खरेदीखताचं भाषांतर. यात महिने जातात, मॉर्गेजची ऑफर मुदत संपून बाद होते, आणि नव्या ऑफरचा दर तोच असेल याची हमी नाही. 23 सप्टेंबर 2022 च्या, तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांच्या मिनी-बजेटनंतर बँकांनी रातोरात शेकडो योजना मागे घेतल्या आणि दोन वर्षांचा दर 6 टक्क्यांच्या वर गेला, हे विसरू नका. एका खात्यातून, एका हप्त्यात, कागदांसकट पाठवा.

आणि भेट द्यायचीच असेल तर लवकर द्या. भेटीनंतर 7 वर्षं जगलात तर त्यावर वारसाकर नाही. 3,25,000 पौंडांची करमुक्त मर्यादा 2009 पासून हललेली नाही. एप्रिल 2025 पासून मागच्या 20 पैकी 10 वर्षं इथे राहिलेल्याची भारतातली मालमत्ताही या कराच्या कक्षेत येऊ शकते.

भाड्याने घर देणाऱ्यांशी जरा स्पष्ट बोलायचं आहे. नवा आलेला मुलगा तुमच्याकडे येतो कारण एजंट त्याला उभं करत नाही. एजंटाचा नेहमीचा ठोकताळा : वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या 30 पट. 1,800 पौंड भाड्याला 54,000 पगार. तो नसेल तर ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार आणा. आजवर यावर तोडगा होता सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. नव्या रेंटर्स राइट्स कायद्याने 1 मे 2026 पासून इंग्लंडात करारावर सही होण्याआधी भाडं मागता येत नाही, आणि सहीनंतरही एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ मागता येत नाही. जाहिरातीत लिहिलेल्या भाड्यापेक्षा जास्त बोली घेता येत नाही. मुदतीचे करार गेले, कारण न देता घराबाहेर काढण्याचं कलम 21 गेलं. भाडं वर्षातून एकदाच, दोन महिन्यांची नोटीस देऊन वाढवायचं, आणि ते जास्त वाटलं तर भाडेकरू ट्रायब्युनलकडे जाऊ शकतो. घर विकायचं कारण दाखवून रिकामं करून घेतलं तर 12 महिने ते पुन्हा भाड्याने देता येत नाही.

कायदा चांगला आहे असं आमचं मत आहे. पण त्याचा एक तोटा आम्हाला दिसतो : आगाऊ पैसे घेता येत नाहीत म्हणून इथे नवख्या असलेल्याला मालक सरळ नाकारतील. ही फट आपल्या समाजाला बुजवता येईल. ओळखीच्या मुलासाठी जामीन राहा. डोळे मिटून सही करू नका. जामिनाच्या कागदात रकमेची कमाल मर्यादा लिहून घ्या, घर एकापेक्षा जास्त मुलांनी घेतलं असेल तर फक्त आपल्या मुलाच्या हिश्शापुरती जबाबदारी घ्या, आणि भाडं वाढल्यास जामीन आपोआप वाढणार नाही असं वाक्य घालून घ्या.

भाड्याच्या घराचं डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही (वर्षाचं भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर). 1,800 च्या घराला ते 2,076 पौंड होतं, आणि ते 30 दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करावं लागतं. नाही केलं तर एक ते तीन पट दंड. "आपलीच मुलं आहेत" म्हणून एका घरात पाच-सहा जण ठेवणाऱ्यांनी हेही ऐकावं : एकमेकांच्या नात्यातले नसलेले तिघे स्वयंपाकघर वाटून राहू लागले की कायद्याने ते सामायिक भाड्याचं घर, म्हणजे एचएमओ, ठरतं. पाच झाले की परवाना सक्तीचा. अनेक कौन्सिलांमध्ये तिघा-चौघांनाही लागतो. परवाना नसेल तर भाडेकरू भाडं परत मागू शकतो, आणि नव्या कायद्याने परत मागता येणाऱ्या भाड्याची मर्यादा 12 वरून 24 महिन्यांची केली आहे. रोखीत भाडं घेण्याची सवय तर मोडाच. पावती नाही, करार नाही, तर त्या मुलाला पत्त्याचा पुरावा नाही, आणि उद्या मॉर्गेजच्या वेळी वेळच्या वेळी भाडं भरल्याची नोंदही नाही. मुलं मोठी होऊन गेली असतील तर राहत्या घरातली सजवलेली एक खोली नियमाने भाड्याने द्या. वर्षाला 7,500 पौंडांपर्यंतचं ते भाडं करमुक्त आहे.

प्लॅनिंगचा विषय सर्वांत नाजूक, कारण इथे तुम्ही स्वतःला निरुपद्रवी समजता. स्टेशनजवळच्या कार पार्कवर चार मजली इमारतीचा अर्ज येतो, शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर हरकतीचा मजकूर फिरतो, आणि तुम्ही तो कौन्सिलच्या पानावर चिकटवता. हरकतींचा आकडा प्लॅनिंग ऑफिसर फारसा पाहत नाही, मुद्दा पाहतो. "आमच्या घराची किंमत उतरेल", "खिडकीतून दिसणारं दृश्य जाईल", "भाडेकरू कसे येतील सांगता येत नाही" हे मुद्दे विचारातच घेता येत नाहीत. उजेड अडणं, खिडकीतून थेट आत दिसणं, रस्त्यावरच्या वाहतुकीची सुरक्षितता हे घेता येतात. आकड्याचा परिणाम होतो तो नगरसेवकांवर : अर्ज समितीपुढे खेचला जातो, निवडणूक जवळ असते, ऑफिसरची शिफारस डावलून नकार मिळतो. मग बिल्डर प्लॅनिंग इन्स्पेक्टरेटकडे अपील करतो आणि नकार अवाजवी ठरला तर त्याचा खर्च कौन्सिलवर, म्हणजे तुमच्याच कौन्सिल टॅक्सवर. त्यात वर्ष जातं, व्याज चढतं, आणि बिल्डर कौन्सिलला सांगतो की आता स्वस्त घरांचा वाटा परवडत नाही.

तुमच्या हरकतींमुळेच घरं अडली आहेत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर किमान 18 मीटर उंच किंवा किमान सात मजल्यांच्या इमारतींना बांधकाम सुरू करण्याआधी सुरक्षा नियामकाची मंजुरी लागते, आणि तिथे अर्ज दीर्घकाळ पडून राहिले. बिल्डर भाव उतरणार नाहीत एवढ्याच वेगाने घरं बाजारात आणतात. 1980 च्या कायद्याने मार्गारेट थॅचर यांनी भाडेकरूंना कौन्सिलची घरं सवलतीत विकली. इंग्लंडात जवळजवळ 20 लाख गेली, आणि त्यांच्या जागी तेवढी बांधली गेली नाहीत. आज 1 लाख 30 हजारांहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात आहेत आणि त्यांचं बिल कौन्सिल भरतं. सरकारने या संसदेच्या काळात 15 लाख घरांचं वचन दिलं आहे, म्हणजे वर्षाला 3 लाख. 2024-25 मध्ये भर पडली सुमारे 2 लाख 8 हजारांची. या गतीने ते वचन पुरं होत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

तरीही एक गोष्ट तुम्ही करू शकता, आणि ती जवळजवळ कुणीच करत नाही : पाठिंब्याचं पत्र. हरकत नोंदवतात त्याच पानावर, त्यासाठी असलेल्या त्याच 21 दिवसांत. अर्जाचा क्रमांक, आपला पत्ता, आणि दोनच मुद्दे : स्टेशनपासून चालत किती मिनिटं, आणि कौन्सिलच्या स्थानिक आराखड्यात या भागासाठी किती घरं ठरली आहेत. पाच ओळी पुरतात. हरकत घ्यायचीच असेल तर दहा किंवा अधिक घरांच्या योजनेत स्वस्त घरांचा वाटा कमी का केला, याबद्दल घ्या आणि बिल्डरचा परवडण्याचा हिशेब मागा. अशी हरकत घरं थांबवत नाही, सुधारते.

राहता राहिला मताचा प्रश्न. पेन्शनचा ट्रिपल लॉक महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के यांतलं जे जास्त असेल तेवढं वाढवतो, आणि त्याला हात लावायची हिंमत कोणत्याही मोठ्या पक्षात नाही. कौन्सिल टॅक्सचे पट्टे इंग्लंडात अजून 1 एप्रिल 1991 च्या किमतींवर आहेत. सर्वांत वरचा पट्टा तेव्हाच्या 3,20,000 पौंडांपासून सुरू होतो, आणि त्यातला माणूस सर्वांत खालच्या पट्ट्याच्या फक्त तिप्पट भरतो. नोव्हेंबर 2025 च्या बजेटमध्ये 20 लाखांवरच्या घरांवर अधिभार जाहीर झाला, तोही एप्रिल 2028 पासून. फेरमूल्यांकन टाळलं जातं कारण घरमालक मत देतात आणि भाडेकरू दर वर्षी पत्ता बदलून मतदार यादीतून गळतात. उमेदवार तुमच्या दारी येईल तेव्हा त्याला रस्त्यावरच्या खड्ड्यांबरोबर हेही विचारा : आमच्या वॉर्डात किती घरं, कुठे, आणि 1991 चे पट्टे तुम्ही बदलणार का?

तुमच्याकडे राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्या मुलांना एक गोष्ट बहुधा माहीत नसते, ती तुम्ही सांगा. राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून, वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या भारतीयांना मतदानाचा हक्क आहे, विद्यार्थ्यांनाही. नाव ऑनलाइन नोंदवता येतं, मतदानाच्या 12 कामकाजी दिवस आधीपर्यंत. केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं, त्याला भारतीय पासपोर्ट चालतो. पत्ता बदलला की नव्याने नोंदणी करावी लागते, आणि तुमच्या घरी कौन्सिलकडून येणाऱ्या मतदार चौकशीच्या पत्रात त्यांचं नाव घालणं हे तुमचं काम आहे.

आपले,
मॉर्गेज, भाडेकरार आणि प्लॅनिंगच्या कामातली काही मराठी माणसं
लंडन, स्लाउ, रेडिंग